पोर-लुईचा किल्ला आणि आपले कापड

लोरिआं शहराच्या धक्क्यावरून पोर-लुईला जायला छोटी बोट मिळते. दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्यांना अशा बोटीची सवय असते. पलीकडचा काठ डोळ्यांना दिसत असतो, पण रस्त्याने जायचे तर सारी खाडी वळसा घालून जावे लागते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ब्लाव्हे आणि स्कॉर्फ या दोन नद्या एकत्र येतात आणि समुद्राला मिळतात. त्या मुखावर, तीन बाजूंनी पाणी असलेल्या खडकावर एक किल्ला उभा आहे आणि किल्ल्याच्या पाठीशी तटबंदीतले लहानसे गाव. हेच पोर-लुई.

मी तिथे समुद्र पाहायला गेलो नव्हतो. मी भिवंडीचा. आमच्या घरात यंत्रमागाच्या आवाजावाचून झोप लागत नसे. किल्ल्यात फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे संग्रहालय आहे आणि त्यात हिंदुस्थानी कापड जपून ठेवले आहे असे वाचले होते, म्हणून गेलो.

तरी गावाने आधी अडवलेच. ग्रॅनाइटच्या दगडाची जुनी घरे, अरुंद गल्ल्या, आणि तटाला असलेल्या एका छोट्या दिंडी दरवाजातून बाहेर पडले की एकदम पुळण. तटाच्या उबेला पाठ लावून म्हातारी माणसे वर्तमानपत्र वाचत बसलेली. समोर गाव्रची वाळूची पट्टी, क्षितिजावर ग्रुआ बेट. मागे लोकमालोचे छोटे बंदर, तिथे मासेमारीच्या होड्या. एके काळी हे गाव तारलीवर जगत होते. तारली खारवून, लाकडी पिंपात दाबून तिचे तेल काढायचे आणि पिंपे दूरवर पाठवायची. पुढे एकोणिसाव्या शतकात डबाबंद तारलीचे कारखाने आले. आपल्याकडे तारलीला गरिबांची मासळी म्हणतात. तिच्यावर तटबंदीचे गाव पोसले गेले हे वाचून मला उगाच बरे वाटले.

किल्ला मुळात फ्रेंचांचा नाही, स्पॅनिशांचा. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या धर्मयुद्धाचा काळ होता. ब्रिटनीचा सुभेदार ड्यूक ऑफ मेर्कर याने राजाविरुद्ध स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची मदत मागितली आणि 1590 मध्ये स्पॅनिश फौज इथे उतरली. सेनापती हुआन देल आगिला याने खडकावर किल्ला बांधायला घेतला. 1598 च्या तहानंतर स्पॅनिश निघून गेले. तेव्हा गावाचे नाव ब्लाव्हे होते. तेराव्या लुईने 1618 मध्ये त्याला आपले नाव दिले आणि किल्ला पुरा करून घेतला. धर्माच्या नावाने परकी फौज बोलावणारे सुभेदार आपल्याच इतिहासात असतात असे शाळेत वाटायचे.

आता कंपनीकडे येतो. 1664 मध्ये कोल्बेर या मंत्र्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली. दोन वर्षांनी तिला जहाजे बांधायला पोर-लुईसमोरची पडीक जमीन मिळाली. तिथे बांधलेल्या एका मोठ्या जहाजाचे नाव होते 'सोलेय दोरियां', म्हणजे पूर्वेचा सूर्य. कामगार त्या जागेला नुसते 'लोरिआं' म्हणू लागले आणि त्याच नावाचे शहर वसले. जहाजाचे नशीब मात्र चांगले नव्हते. सयामच्या राजाने चौदाव्या लुईकडे पाठवलेले वकील आणि नजराणे घेऊन निघालेले हे जहाज 1681 मध्ये मादागास्करच्या बाजूला बुडाले.

फ्रेंचांची पहिली वखार सुरतेला, 1668 मध्ये. दोनच वर्षांनी शिवाजी महाराजांची सुरतेवर दुसरी स्वारी झाली, तेव्हा फ्रेंचांनी समेट करून आपली वखार वाचवली. राजापूरलाही त्यांची वखार होती. पुढे पाँडिचेरी आणि चंद्रनगर मोठे झाले. तिथून जहाजे निघत ती मिरी, नीळ, सोरा आणि मुख्यतः कापड घेऊन. ती याच किल्ल्याच्या तोफांखालून आत शिरत.

या कापडाने फ्रान्सला वेड लावले. छिंटीला ते 'इंदिएन' म्हणत. रंग धुतल्यावर जात नसे, हीच तर जादू. हिरड्याचे पाणी, तुरटी, तांबड्या रंगाची मुळी, निळीचे हौद, उन्हात पुन्हा पुन्हा धुणे. हे ज्ञान कोरोमंडलच्या रंगाऱ्यांकडे बापाकडून मुलाकडे जात होते. फ्रान्समधले रेशीम आणि लोकरीचे विणकर घाबरले. 1686 मध्ये सरकारने छापील सुती कापड बनवण्यावर आणि वापरण्यावर बंदी घातली. कंपनीला मात्र परदेशी पाठवण्याच्या अटीवर ते विकता येई. बंदी 1759 पर्यंत टिकली आणि तेवढी वर्षे चोरटा व्यापारही टिकला. दरबारातल्या बायकाच छिंट नेसत, तर नाकेदार कुणाला पकडणार?

याच काळात फ्रेंच माणसे पाँडिचेरीत बसून रंगाऱ्यांचे काम पाहत होती. ब्योलियू नावाच्या अधिकाऱ्याने 1734 च्या सुमारास रंगाईच्या प्रत्येक पायरीवर कापडाचा तुकडा कापून घेतला आणि त्याची नोंद केली. केर्दू या जेसुइट पाद्र्याने 1742 मध्ये सगळी कृती पत्राने कळवली. बंदी उठल्यावर वर्षभरातच, 1760 मध्ये, पॅरिसजवळ जुई इथे ओबेरकांफचा छपाईचा कारखाना सुरू झाला. मी याला चोरी म्हणणार नाही. हुन्नर जगभर असाच फिरला आहे, कागद आपल्याकडे असाच आला. पण ब्योलियूचे तुकडे आजही पॅरिसमध्ये जपलेले आहेत आणि ज्याच्या हातून ते कापून घेतले त्याचे नाव मला कुठे सापडले नाही, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

1746 ची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी. कंपनीचा सेन-मालोचा ब्रेतों कप्तान ला बुर्दोने याने सप्टेंबरमध्ये इंग्रजांचे मद्रास घेतले. त्याची बातमी युरोपात पोचायच्या आधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, इंग्रज फौज लोरिआंवर चालून आली. तिच्यासोबत चिटणीस म्हणून तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम होता. शहराचे रक्षक शरण जायच्या बेतात होते आणि तेवढ्यात इंग्रजच कंटाळून, पावसात भिजून, माघारी निघून गेले.

संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो एका साध्या कापडाच्या विचारात. त्याला 'गिने' म्हणत. पाँडिचेरीच्या आसपास विणलेले, निळीत गडद रंगवलेले जाडेभरडे सुती कापड. ना फुले, ना वेल. हे कापड लोरिआंला येई आणि तिथून सेनेगलला जाई, कारण तिकडे ते चलनासारखे चाले. त्यावर डिंक विकत मिळे आणि माणसेही. मालदीवच्या कवड्यांचेही तेच. हिंदी महासागरातून जहाजाच्या तळाशी भरून आणायच्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या बदल्यात मोजून द्यायच्या. सेनेगलच्या गुलामांच्या व्यापाराचा मक्ता अनेक वर्षे याच कंपनीकडे होता. त्या किनाऱ्यावरून नेलेल्या माणसांत कुराण पढलेलेही होते.

हे वाचताना अब्बा आठवले. ते म्हणायचे, कापडाला पाप नसते, सुताचा हिशेब सरळ ठेवला म्हणजे झाले. पाँडिचेरीजवळच्या विणकरालाही आपले ठाण कुठे जाते हे माहीत नसणार. त्याला दलालाचा आगाऊ पैसा फेडायचा होता. दलालांची नावे कंपनीच्या कागदांत आहेत, दुप्लेचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै याची तर रोजनिशीच आहे. खलाशांची नावे आहेत, पगारासह, आणि वाटेत मेला तर तीही नोंद. परतीच्या प्रवासात माणसे कमी पडली की हिंदुस्थानी लास्कर घेत, तेही कुठेकुठे दिसतात. विणकर नाही. तो ठाणांच्या संख्येत आहे.

कंपनीचा मक्ता 1769 मध्ये गेला आणि लोरिआं आरमाराचे शहर झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथे पाणबुड्यांचा तळ बांधला. 1943 च्या सुरुवातीला दोस्तांच्या बाँबफेकीत शहर जवळजवळ संपले, तळ मात्र राहिला. म्हणून लोरिआंचे हे संग्रहालय आज लोरिआंत नाही, 1984 पासून पोर-लुईच्या किल्ल्यात आहे. किल्ल्यालगत एक स्मारक आहे. मे 1945 मध्ये जर्मन शरण आले, त्यानंतर तिथे एका खड्ड्यात प्रतिकार चळवळीतल्या 69 जणांची प्रेते सापडली. त्यांची नावे दगडात कोरली आहेत. मी ती सगळी वाचली. उच्चार येत नव्हते, तरी वाचली.

बोट सुटायला वेळ होता. ओहोटीने खडक उघडे पडले होते आणि एक बाई लहान मुलाला घेऊन त्यांवरून शिंपल्या वेचत होती. मी धक्क्यावर बसून खिशातल्या वहीत निळीच्या त्या कापडाची रुंदी लिहून घेतली. भिवंडीला जाऊन मागावर पाहायची होती.