ताओंगा पूओरो

न्यूझीलंडमधील माओरी लोकांची परंपरागत वाद्ये. माओरी भाषेत ‘ताओंगा’ म्हणजे पूर्वजांकडून आलेली मोलाची ठेव व ‘पूओरो’ म्हणजे संगीत. लाकूड, हाड, दगड, शंख इत्यादींपासून केलेली ही वाद्ये जेम्स कुकच्या सफरींपासून (१७६९ नंतर) यूरोपीयांच्या हाती जाऊ लागली व पुढे देशोदेशींच्या संग्रहालयांत जमा झाली. मिशनऱ्यांचा विरोध, यूरोपीय वाद्यांचा प्रसार आणि जाणत्या वृद्धांचे निधन यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचे वादन बहुतांशी थांबले. वाद्ये कपाटांत सुरक्षित राहिली. ती कशी व कोणत्या प्रसंगी वाजवावयाची, याची नोंद मात्र क्वचितच झाली होती.

‘पूतोरिनो’ हे वाद्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. लाकडाचे दोन भाग आतून कोरून, ते वेलीच्या मुळांनी बांधून तयार केलेल्या या वाद्याचा आकार मध्ये फुगीर व टोकांस निमुळता, म्हणजे एका पतंगाच्या कोशासारखा असतो. बासरीसंगीताची देवता हिने राउकाताउरी त्या पतंगाच्या रूपाने वास करते, अशी श्रद्धा आहे. तुतारीप्रमाणे फुंकल्यास त्यातून पुरुषस्वर व बासरीप्रमाणे फुंकल्यास स्त्रीस्वर निघतो. त्यामुळे संग्रहालयातील चिठ्ठीवर त्यास नुसती ‘बासरी’ म्हणणे अपुरे ठरते.

माओरी संगीतकार हिरिनी मेलबर्न (१९४९–२००३), वादक रिचर्ड नन्स (१९४५–२०२१) व कारागीर ब्रायन फ्लिंटॉफ यांनी १९८० नंतरच्या दशकात हा तुटलेला धागा पुन्हा जुळविण्यास आरंभ केला. यांपैकी शेवटचे दोघे यूरोपीय वंशाचे, ही गोष्ट लक्षणीय आहे. संग्रहालयांतील नमुने अभ्यासून फ्लिंटॉफ नवी वाद्ये घडवीत. मेलबर्न व नन्स ती घेऊन ‘मराए’वर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी जात. वादन ऐकताना वृद्धांना बालपणी कानी पडलेले काही आठवे आणि त्या तुकड्यांवरून वाद्यांचे उपयोग उलगडत गेले. काही संग्रहालयांत मूळ वाद्येही वाजविण्यात आली. श्वासातील ओलाव्याने जुने लाकूड तडकण्याचा धोका असतो. शिवाय कीड टाळण्यासाठी पूर्वी संग्रहांतील वस्तूंना आर्सेनिकसारखी विषे लावीत. तेव्हा संग्रहपालांचा संकोच अनाठायी म्हणता येणार नाही. माओरींच्या दृष्टीने मात्र श्वासावाचून वाद्य निद्रिस्तच राहते.

मेलबर्न व नन्स यांची ‘ते कू ते फे’ ही ध्वनिमुद्रिका १९९४ मध्ये निघाली. तीतील स्वर कुकच्या काळच्या स्वरांशी कितपत जुळतात, हे सिद्ध करणे शक्य नाही. परंतु मौखिक परंपरेकडून तशा पुराव्याची अपेक्षा धरणेच गैर होय. आज नवे माओरी वादक व कारागीर तयार झाले असून, ‘कोआउआउ’ ही आखूड बासरी प्रसूतिसमयी व अंत्यविधीत पुन्हा ऐकू येते.