चिनी रेशीमनिर्मितीची जलरंगचित्रे

चिनी रेशीमनिर्मितीची जलरंगचित्रे : रेशीमकिड्यांच्या संगोपनापासून वस्त्र तयार होईपर्यंतच्या क्रिया क्रमवार दाखविणाऱ्या चित्रमाला. तंत्रविद्येच्या इतिहासाचे साधन म्हणून त्या मोलाच्या आहेत. तथापि प्रत्येक काळी त्या निराळ्या प्रेक्षकासाठी काढल्या गेल्या, हे ध्यानात घेऊनच त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करावा लागतो.

या परंपरेचा उगम सुंग राजवटीत आढळतो. हांगजोजवळच्या एका जिल्ह्याचा अधिकारी लौ शू याने सु. ११४५ मध्ये भातशेतीची २१ व रेशीमकामाची २४ चित्रे तयार करून सम्राट गाओजुंग यास सादर केली. प्रत्येक चित्रास पद्याची जोड होती. प्रजेच्या कष्टांवर राज्य उभे असते, याची जाणीव राज्यकर्त्यास करून देणे हा त्यांचा हेतू होता. मूळ चित्रे नष्ट झाली. चंग ची याची नंतरची प्रत वॉशिंग्टन येथील फ्रीर कलासंग्रहालयात आहे. अंडी धुणे, अळ्यांना तुतीचा पाला घालणे, त्यांचे कात टाकणे, कोश वेचणे, गरम पाण्यातील कोशांपासून धागा काढणे, ताणा-बाणा सिद्ध करणे व विणणे असा तिचा क्रम आहे. नक्षीच्या मागावर उंच बसून दोऱ्या ओढणारा साहाय्यकही तीत दिसतो.

छिंग सम्राट खांगशी याच्या आज्ञेवरून जिआव बिंगजन याने या मालेची नवी आवृत्ती काढली. १६९६ च्या प्रस्तावनेसह ती मुद्रित झाली. तीत दोन्ही कामांची प्रत्येकी २३ चित्रे असून यूरोपीय यथादर्शनाचा प्रभाव जाणवतो. रंगविणे व वस्त्र शिवणे ही दृश्ये तीत नव्याने आली. येथे उपदेशापेक्षा सुव्यवस्थित राज्याचे दर्शन अधिक ठळक झाले.

कँटन (ग्वांगजो) येथे १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार केंद्रित झाला होता. तेथील चित्रशाळांनी रेशीम, चहा व चिनी माती यांच्या निर्मितीच्या जलरंगचित्रमाला परदेशी ग्राहकांसाठी काढल्या. टिंगक्वा याची चित्रशाळा त्यांपैकी प्रसिद्ध होती. बाह्यरेषा उतरवून घेऊन, कामाची वाटणी करून एकाच चित्राच्या अनेक प्रती केल्या जात. एकोणिसाव्या शतकात टेट्रापॅनॅक्स पॅपिरिफर या झुडपाच्या भेंडापासून कापलेले पातळ ताव वापरात आले. त्यांना ‘राइस पेपर’ म्हणत. परंतु तांदळाशी त्यांचा संबंध नाही. या चित्रांत कामगार नीटनेटके, घरे स्वच्छ आणि श्रम सुखाचे दिसतात. कढईची वाफ, रात्रीची जागरणे व रोगाने मरणाऱ्या अळ्या ग्राहकास नको होत्या. चित्रकार पुष्कळदा जुन्याच आराखड्यांवरून काम करीत. म्हणून चित्रातील माग त्याच काळी वापरात होता, असे गृहीत धरता येत नाही.

या व्यापाराचे एक टोक मुंबईस होते. जमशेटजी जिजीभाई यांनी १७९९ पासून चीनच्या सफरी केल्या. मुंबईहून कापूस व अफू कँटनला जाई आणि तिकडून रेशीम, चहा इ. माल येई. तीन विणकर चीनमध्ये ही कला शिकून आले, यावरून ‘तनछोई’ हे वस्त्रनाम पडले, अशी परंपरागत समजूत आहे. एकोणिसाव्या शतकात चिनी कच्चे रेशीम मुंबईमार्गे अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगतच्या येवल्यापर्यंत पोहोचे. ते पिळणे, रंगविणे व विणणे ही कामे तेथे होत. विणकराच्या हाती लडी येई. तीमागील किडे पोसणाऱ्या घरांचे श्रम मात्र त्याच्या दृष्टीआड राहत. हे श्रम क्रमवार नोंदविणे हे या चित्रमालांचे खरे महत्त्व होय; परंतु त्या श्रमांचे मोल व त्यासाठी दिलेली किंमत जाणण्यासाठी व्यापाराच्या नोंदींचाच आधार घ्यावा लागतो.