राज्यपालपदाचा हंगामी कार्यभार

राज्यपालाचे पद मृत्यू, राजीनामा किंवा बदलीमुळे रिकामे झाल्यास अथवा राज्यपाल रजेवर असल्यास त्याची कर्तव्ये दुसऱ्याने पार पाडण्याची व्यवस्था. भारतात राष्ट्रपतींच्या मागे उपराष्ट्रपती असा क्रम संविधानाने लावून दिलेला आहे. राज्यपालाच्या मागे मात्र कोणीच नाही. मुदत संपल्याने पेच पडत नाही, कारण पाच वर्षे उलटली तरी उत्तराधिकारी रुजू होईपर्यंत राज्यपाल पदावर राहतो (अनुच्छेद १५६). अनपेक्षित प्रसंगी काय करावे हे अनुच्छेद १६० ने सर्वस्वी राष्ट्रपतींवर, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारवर, सोपवले आहे.

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात गव्हर्नर रजेवर गेल्यास कार्यकारी मंडळातील सदस्य त्याची जागा घेई. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते अर्नेस्ट हॉटसन असे हंगामी गव्हर्नरच होते. स्वातंत्र्यानंतर ही जागा उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे आली. महाराष्ट्राचे राज्यपाल पी. व्ही. चेरियन १९६९ मध्ये व अली यावर जंग १९७६ मध्ये पदावर असताना निवर्तले, तेव्हा अनुक्रमे न्या. कोतवाल व न्या. कांटावाला यांनी राजभवनाचा कारभार पाहिला. एरवी राज्यपालाला शपथ देणारे मुख्य न्यायमूर्तीच अशा वेळी स्वतः शपथ घेणारे ठरतात.

पुढे शेजारच्या राज्यपालाकडे अतिरिक्त कार्यभार देण्याचा प्रघात पडला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने एकाच व्यक्तीला अनेक राज्यांचे राज्यपालपद देण्याची मुभा दिली असून तिचे वेतन व भत्ते त्या राज्यांत कसे वाटायचे हे राष्ट्रपती ठरवतात. ऑगस्ट २०२० ते जुलै २०२१ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे गोव्याचाही कार्यभार असल्याने, सिंधुदुर्गातील बांदा आणि त्यापलीकडचे पत्रादेवी ही सीमेवरची दोन्ही गावे एकाच राज्यपालाच्या अखत्यारीत होती. मात्र या सोयीला कालमर्यादा नाही, हा तिच्यातला खरा दोष होय: महाराष्ट्राचे राज्यपाल विद्यासागर राव यांनी सप्टेंबर २०१६ पासून वर्षभराहून अधिक काळ तमिळनाडूही सांभाळले, आणि तिथल्या मुख्यमंत्री जयललितांच्या निधनानंतरचे सत्तांतर याच काळात झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाल्यावर राज्याचा अतिरिक्त कार्यभार गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे देण्यात आला.