दात्याचं रक्त राखताना

खाचराची खालची मोरी तुंबली की वरच्या बांधाच्या भेगाभेगांतून पाणी पाझरतं, हे मनवेलपाड्याच्या जुन्या शेतकऱ्याला सांगायला नको. यकृताचंही तसंच. त्यातलं रक्त मोठ्या नीलेतून हृदयाकडे जातं. ती तुंबलेली असली की चिरलेल्या यकृतातून रक्त वाहतच राहतं.

१९०८ साली ग्लासगोच्या डॉ. प्रिंगल यांनी यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून धरण्याची युक्ती लिहून ठेवली. पण हा झाला वरचा पाट. खालची मोरी राहिलीच. १९६३ साली डेन्व्हरला डॉ. स्टार्झल यांनी पहिलं यकृतरोपण केलं, तेव्हा ते बालक रक्तस्रावानंच दगावलं.

१९८९ साली ब्रिस्बेनला आईच्या यकृताचा तुकडा बाळाला लावण्यात यश आलं. आपल्या महाराष्ट्रात अवयवदानाचा कायदा १९९५ साली लागू झाला. आता टेबलावर धडधाकट माणूस येऊ लागला; त्याचं रक्त सांडणं कसं परवडेल?

म्हणून भूल देणारे डॉक्टर सलाइन आवरतं घेऊन नीलेतला दाब कमी ठेवू लागले. पुढं मनगटाच्या रोहिणीला जोडलेलं यंत्र दर ठोक्याला किती रक्त निघतं आणि श्वासागणिक त्यात किती फरक पडतो, हे दाखवू लागलं. फरक अगदी थोडा, तर नीला भरलेली. फार मोठा, तर अंगात रक्त अपुरं. या दोहोंच्या मधली वाट धरायची.

देणारा धड घरी परतला, तरच ते दान पुरं झालं म्हणायचं.