जप्तीची मर्यादा

'बेलीफ आला' हे दोन शब्द ऐकले, की देणे नसलेल्याच्याही छातीत धस्स होते. वेळणेश्वरी मुलांना इतिहास शिकवताना मी म्हणूनच लढायांबरोबर सुप्याची हकीकत सांगतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील या बाजारगावी कुणबी सावकारांवर चालून गेले. दुकाने लुटली गेली, पण दंगा पसरला तसा खरा रोख दिसला तो कर्जरोख्यांवर. त्या कागदांच्या जोरावर एकतर्फी हुकूमनामे होत आणि पाठोपाठ जप्ती दारी येई. सरकारने चौकशी केली. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्यास होणारी कैद थांबली. आमचा रत्नागिरी जिल्हा मात्र त्या चारांत नव्हता.

पुढे १९०८ च्या दिवाणी संहितेत सर्वांसाठीच मर्यादा आल्या. सूर्यास्तानंतर बेलीफाने राहत्या घरात शिरू नये. नेसती वस्त्रे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि मंगळसूत्र जप्त करू नये.

देणे यामुळे फिटत नाही. ते द्यावेच लागते. पण चूल विझवून ते वसूल करता येत नाही. वाचकहो, समन्स आले तर दार लावून बसू नका, कोर्टात उभे राहा. सुप्याचे कुणबी रागावले ते हुकूमनामा झाल्यावर. आपले म्हणणे त्याआधी मांडावे.