दोन तापांची वंशावळ

बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे १९५६ पर्यंत मराठवाड्यासह एकाच हैदराबाद राज्यात नांदत होते. पुढे राज्यपुनर्रचनेने मध्ये रेघ ओढली. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील मराठी घरे रेघेच्या एका बाजूस राहिली, उदगीर व उमरगा दुसऱ्या बाजूस. परंतु डासाला ही रेघ ठाऊक नाही, याचा अनुभव २००६ साली दोन्ही बाजूंच्या लोकांनी सारखाच घेतला.

२००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेशात एक ताप दिसू लागला. काही महिन्यांतच तो या सीमाभागात घरोघरी शिरला. ताप तीन-चार दिवसांत उतरे. सांधे मात्र असे धरून बसत की, धडधाकट शेतमजुरास उठून तांब्या उचलणे जड जाई. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याचे हातपाय महिनोन् महिने आखडले म्हणजे घराची काय दशा होते, हे सांगावयास नको. त्या वर्षी देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या कर्नाटकातील होते.

हा ताप चिकनगुनियाचा होय. टांगानिकात १९५२-५३ साली त्याची प्रथम ओळख पटली, आणि तेथील माकोंडे भाषेत या नावाचा आशय 'वाकवून टाकणारा' असा आहे. आपल्याकडे १९६३ मध्ये तो कलकत्त्यास आला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस त्याने गाठले. त्यानंतर ३२ वर्षे त्याची मोठी साथ आली नाही. मग हा जुनाच पाहुणा परतला, की कोणी नवा आला?

याचे उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत मिळाले. १९५२ साली स्थापन झालेल्या या संस्थेने जुन्या साथींतील विषाणू अतिशीत पेट्यांत जपून ठेवले होते. डॉ. विद्या अरणकल्ले या तेव्हा तेथील ज्येष्ठ विषाणुशास्त्रज्ञ होत्या. त्यांचे आयुष्य मुख्यत्वे काविळीच्या, विशेषतः दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'ई' प्रकारच्या काविळीच्या अभ्यासात गेले. पश्चिम भारतात माणसांत आढळणारा तिचा विषाणू आणि डुकरांत आढळणारा विषाणू ही निराळ्या कुळांची मंडळी आहेत, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले होते. विषाणूची कुळकथा वाचण्याचा हा हातखंडा आता चिकनगुनियाच्या कामी आला.

या विषाणूची सारी जन्मपत्रिका सुमारे ११,८०० अक्षरांची, आणि वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. एखाद्या पोथीच्या दोन प्रती ताडून त्यांतील सारखे पाठ व सारख्या चुका यांवरून मूळ प्रत शोधावी, तशीच ही रीत आहे. पी. एन. यरगोळकर, अरणकल्ले प्रभृती संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: १९६३ ते १९७३ या काळातील विषाणू आशियाई कुळातील होते, नव्या साथीचा विषाणू आफ्रिकी कुळातील निघाला. आणखी नवलाची गोष्ट म्हणजे, पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली मिळालेला विषाणूही आफ्रिकी कुळातीलच ठरला. २००७ मध्ये अरणकल्ले व सहकाऱ्यांनी संपूर्ण जन्मपत्रिका ताडून पाहिल्या, तेव्हा आपला नवा विषाणू हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावरील विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला.

बार्शीच्या विषाणूची ती कुपी कोणी जपली नसती, तर ताडून पाहावयास दुसरी प्रतच उरली नसती. तीस वर्षे निरुपयोगी भासणारी वस्तू सांभाळणे हेही शास्त्राचे कार्य आहे, हा यातील बोध.

परंतु वंशावळ कळल्याने ताप थांबत नाही. ह्याचा वाहक एडिस डास दिवसा चावतो आणि घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ज्या मुलखात नळाला आठवड्यातून एखादे वेळी पाणी येते, तेथे रांजण व हौद भरून ठेवणे हा काही लोकांचा दोष नव्हे. ती त्यांची गरज आहे. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत आणि एरवी घट्ट झाकावीत, एवढे घराने करावे. पाणी नियमित पोचविणे हे मात्र शासनाचे काम. प्रयोगशाळेने आपला वाटा उचलला आहे. उरलेले दोन वाटे सीमेच्या दोन्ही बाजूंस अजून उचलावयाचे आहेत.