बी-स्कूलचा अर्ज : पर्सेंटाईलपलीकडे काय मोजले जाते?

कॅटचा निकाल लागला की सगळीकडे एकच प्रश्न असतो : पर्सेंटाईल किती? पण आयआयएमचा प्रवेश एकट्या कॅटवर होत नाही. दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव, विद्याशाखा यांचाही विचार होतो. पुढे लेखी चाचणी आणि मुलाखत यांना वेगळे गुण असतात. प्रत्येक संस्था आपले निकष व भारांक संकेतस्थळावर जाहीर करते. ते वाचल्याशिवाय संस्था निवडू नका.

दहावीचे गुण आता बदलणार नाहीत. पुढील चार गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

१. जातीचे प्रमाणपत्र

१९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतील बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. आयआयएममध्ये या प्रवर्गासाठी १५ टक्के जागा राखीव असतात. कॅटसाठी पदवीला ५० ऐवजी ४५ टक्के पुरतात, शुल्कही निम्मे असते. मात्र प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवे आणि त्यावर यादीतील मूळ जातीचे नाव हवे. नुसत्या ‘नवबौद्ध’ नोंदीवर केंद्रीय संस्थेत लाभ मिळत नाही. नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते आणि प्रमाणपत्र तेव्हाच अपलोड करावे लागते. म्हणून तहसील किंवा प्रांत कार्यालयाची फेरी उन्हाळ्यातच उरका.

२. नोकरीचा पुरावा

बहुतेक संस्था पदवीनंतरची पूर्णवेळ, पगारी नोकरीच अनुभव म्हणून धरतात. इंटर्नशिप सहसा मोजली जात नाही. नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेच्या नोंदी पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा. रोख पगारावर केलेले काम पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

३. चळवळीतले काम

आपल्याकडची अनेक मुले जयंती समिती, अभ्यासिका, विद्यार्थी संघटना चालवतात, पण अर्जात फक्त ‘समाजकार्याची आवड’ लिहितात. त्याला वजन नाही. नेमके लिहा : वर्गणी किती जमली, हिशेब कोणी ठेवला, पोलिस परवानगी कोणी आणली, स्वयंसेवक किती होते, कुठे अडले आणि तुम्ही स्वतः काय निर्णय घेतला. पैसा, माणसे आणि वेळ सांभाळणे यालाच व्यवस्थापन म्हणतात. आकडे खरे द्या. मुलाखतीत त्यांवरच उलटतपासणी होते. मुंबईच्या एसपीजेआयएमआरसारख्या किंवा निबंध मागणाऱ्या आयएसबीसारख्या संस्थांत हा भाग विशेष कामाला येतो.

४. मुलाखत

पदवीच्या विषयाची मूलतत्त्वे, आपल्या जिल्ह्याची पिके, उद्योग व प्रश्न, आणि ‘एमबीए कशासाठी’ याचे उत्तर तयार ठेवा. शिक्षणात खंड असेल तर कारण दोन वाक्यांत सरळ सांगा : घरची जबाबदारी, आजारपण, नोकरी. लपवाछपवी लगेच कळते. आरक्षणावर प्रश्न आलाच तर चिडू नका, ओशाळू तर मुळीच नका. राज्यघटनेचे कलम १५(४) व १५(५) वाचून जा आणि शांतपणे मुद्दा मांडा. मुलाखत इंग्रजीत होते, म्हणून मित्रांत रोज अर्धा तास मोठ्याने बोलण्याचा सराव करा.

एमबीए सीईटीतून राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीत जाणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. तिथे मुलाखत नसते, गुणानुक्रम चालतो, आणि राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर कागदपत्रांच्या दोन वेगळ्या फाईली आजच तयार करा.